दुसऱ्या नंबरची गोलकीपर

माझी धाकटी बहीण गोलकीपर आहे असं सांगितलं की लोक आधी तिची उंची विचारतात आणि मग म्हणतात, "म्हणजे गोल करते का?" आमच्या घरी तरी यापेक्षा कुठं जास्त कळत होतं! आश्रमशाळेत ती हँडबॉल खेळायची. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी तिचे लांब हात पाहून तिला फुटबॉलच्या गोलात उभं केलं. तिथून ती खेळाच्या वसतिगृहात गेली, आणि मग एके दिवशी फोन आला की दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबनं तिला हंगामभरासाठी करारावर घेतलं आहे.

सालेकसाला, आमच्या गावी, घरात मी आणि आई, दोघीच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई भाताच्या चार बांध्यांमधलं धान पाहते आणि उन्हाळ्यात मोहफुलं, विडीचा तेंदूपत्ता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. बहिणीला आम्ही घरात लहानी म्हणतो, ती आता माझ्याहून वीतभर उंच असली तरी.

करार म्हणजे काय हे आईला मी दोनदा समजावलं. ती शेवटी म्हणाली, "म्हनजे नोकरी. खेळाची नोकरी."

"हो."

"मंग तसं सांग ना. कायले एवढं लांबवून राहिली?"

लीगचा पहिला सामना जानेवारीत, रविवारी दुपारी होता. तो आम्ही गार्डकाकांकडं पाहिला. गार्डकाका म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी. नोकरीची पहिली दहा वर्षं त्यांनी बंगालात काढली होती, आणि तिथं फुटबॉलचं वेड घेऊन ते इकडं आले होते. सालेकसाला त्यांच्याशी फुटबॉलवर बोलणारं कुणीच नव्हतं. लहानीच्या करारानं त्यांना एकदम वीस श्रोते मिळाले. त्यांच्या बैठकीत मोठा टीव्ही होता, इंटरनेटही बरं चालायचं. त्या दिवशी गल्लीतल्या बायका नवीन साड्या नेसून आल्या होत्या. आई सगळ्यांत पुढं, टीव्हीपासून दोन हातांवर बसली.

सामना सुरू झाला. गोलात लहानी नव्हती. मणिपूरची एक बुटकी, चपळ मुलगी होती.

"आपली कुठं आहे?" आईनं विचारलं.

कॅमेरा एकदा बाजूच्या बाकांवरून फिरला. तिथं पोपटी जाकीट घालून, हातमोजे मांडीवर ठेवून लहानी बसली होती. सगळ्या बायका एकदम ओरडल्या, जणू गोलच झाला. पण कॅमेरा लगेच पुढं गेला, आणि त्यानंतर नव्वद मिनिटं आम्ही तो परत कधी फिरतो याची वाट पाहत बसलो.

"खेळून नाही राहिली तं गेली कायले तेवढ्या दूर?" घरी येताना आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

संध्याकाळी लहानीचा फोन आला तेव्हा मी जरा जपूनच विषय काढला. ती मात्र हसत होती. "ताई, मी दुसऱ्या नंबरची गोलकीपर आहो. पहिलीले काही झालं तर मी. नाही तं मी बसतो. पन बसाले पन तयारी लागते, समजलं का? रोज तिच्याएवढीच प्रॅक्टिस करून राहिली मी."

हे मी आईला सांगितलं. 

पुढचे दोन सामने क्लब हरला आणि मग सलग जिंकत गेला. आम्ही एकही चुकवला नाही. गार्डकाका खेळ समजावून द्यायचे. ऑफसाइड सांगताना ते उभे राहायचे. "सिग्नल मिळायच्या आधी गाडी पुढं काढली तर काय होते? गुन्हा. तसंच. बॉल सुटायच्या आधी ही पोरगी पुढं जाऊन उभी. गुन्हा!" बायकांना ते पटकन कळलं, आमच्याकडं सगळ्यांचं आयुष्य रुळाशेजारीच गेलेलं. थोड्याच दिवसांत पंचाच्या आधी आमच्या बैठकीतून "सिग्नल तोडलं!" अशी आरोळी उठायला लागली.

पण लहानी बाकावरच होती. एकदा सामन्यात मणिपूरची मुलगी उडी मारून पडली आणि उठेना. मांडी धरून बसली. शेजारच्या एक काकू हात जोडून म्हणाल्या, "आता होऊन जाऊ दे व माय, निदान दोन-तीन हप्ते तरी नको उठू."

आई गर्रकन वळली. "असं नोको बोलू. तिची पन माय अशीच टीव्हीपुढं बसली असन."

ती मुलगी उठली, लंगडली, दोन पावलं पळून पाहिली आणि परत गोलात उभी राहिली. आईनं सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. मात्र त्या दिवसापासून आई त्या मुलीला 'आपली मोठी' म्हणायला लागली. मोहफुलं वाळून तयार झाली तेव्हा तिनं लाडू केले आणि पार्सल करताना मला बजावलं, दोन डबे कर, दोघींचे वेगळे. एकात घातले तर आपली लहानी एकटीच खाऊन टाकेल.

एप्रिलमध्ये लीग संपत आली तेव्हा क्लब दुसऱ्या जागेवर होता. शेवटचा सामना जिंकला असता तर अजिंक्यपद. तो बरोबरीत सुटला, आणि बरोबरी पुरेशी नव्हती. गार्डकाका टीव्ही बंद करून कितीतरी वेळ रिमोट हातात धरून बसले. लहानी अख्ख्या लीगमध्ये एक मिनिटसुद्धा खेळली नाही.

मी तिला धीर द्यायला फोन केला, तर तिनंच मला बातमी दिली. लीगनंतर कपचे सामने होते, बाद पद्धतीचे. हरलं की घरी. आणि प्रशिक्षक बाईंनी ठरवलं होतं की कपमध्ये गोलात लहानी उभी राहणार.

"मंग मोठी?" बातमी ऐकल्यावर आईचा पहिला प्रश्न.

"ती बाकावर."

"तिले वाईट वाटलं असन."

"आई, तुझी पोरगी खेळणार आहे!"

"हो ना व," आई म्हणाली, आणि मग तिला ते खरं उमगलं. ती उठून अंगणात गेली, परत आत आली, पाण्याचा तांब्या उचलला, न पिता ठेवला. "काकाले सांगून येतो," म्हणाली आणि चप्पल न घालताच निघाली.

पहिल्या फेरीचा सामना कुठंच दाखवणार नव्हते. आमच्याकडं तेंदूपत्त्याचे दिवस चालू होते. सकाळी तोडून आणलेली पानं दुपारी घरोघरी निवडून, जुळवून त्यांचे पुडके बांधायचे. त्या दुपारी गल्लीतल्या बायका आपापली पानं घेऊन आमच्याच पडवीत बसल्या. मधोमध पाटावर माझा फोन. बाकावरून आम्हाला खबर देत होती ती मणिपूरची मुलगी. लहानीनं तिला माझा नंबर दिला होता. तिचे हिंदीतले छोटे छोटे निरोप यायचे आणि मी मोठ्यानं वाचायची. 'दीदी, शुरू हो गया.' मग, 'बहुत अच्छा रोका.' मग बराच वेळ काही नाही. बायकांचे हात चालत होते, पण पुडके सैल बांधले जात होते. एकीनं तर पानं मोजता मोजता तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी आलं, 'जीत गए। एक-शून्य। आपकी बहन को एक भी गोल नहीं हुआ।'

पडवीत जो गलका झाला त्यानं समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

आणि मग कळलं की पुढचा सामना, उपांत्यपूर्व फेरीचा, रायपूरला आहे. रायपूर म्हणजे आमच्या फलाटावरून सरळ गाडी! आईनं त्या दिवशी पानं तोडायला जायचं नाही असं ठरवलं. उभ्या हंगामात तिनं असं कधी केलं नव्हतं. आई, मी, गार्डकाका आणि गल्लीतल्या चार बायका सकाळच्या लोकलनं निघालो. प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या आणि उन्हासाठी कांदा. दरेकसा स्टेशनच्या पुढच्या बोगद्यात डब्यात अंधार झाला तेव्हा आई माझ्या कानाशी म्हणाली, "हरली तं?"

"तर हरली."

"तसं नाही. आपल्या समोर हरली तं तिले जास्त वाईट वाटन."

मैदानावर आम्ही गोलाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. चार वाजून गेले तरी सिमेंट चटके देत होतं. लहानी सराव करायला बाहेर आली. टीव्हीवर बाकावर बसलेली पाहून पाहून आम्ही विसरलो होतो ती किती मोठी दिसते. आईनं उभं राहून दोन्ही हात हलवले, हाका मारल्या. लहानीनं एकदाही वळून पाहिलं नाही. आई हळूच खाली बसली. गार्डकाका म्हणाले, "ड्यूटीवर आहे ती. सिग्नलवर लक्ष ठेवलं की प्रवाशांकडं पाहता येत नाही." आईनं मान हलवली, पण पदर तोंडाशी धरून ठेवला.

विसाव्या मिनिटाच्या सुमाराला लांबून एक साधा फटका आला. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीनंही धरला असता असा. लहानी वाकली, चेंडू तिच्या हातांतून निसटला, पायांमधून घरंगळत मागं गेला आणि गोलरेषा ओलांडून थांबला. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. लहानी गुडघ्यांवर तशीच बसून त्याच्याकडं पाहत राहिली. 

आमच्या मागून एक माणूस ओरडला, "अरे, गोलकीपर सो रही है क्या?"

आई उठून मागं वळली. आमच्या घरात आईला हिंदी येत नाही असाच समज होता. "तू उतर ना फिर नीचे! तू पकड के दिखा! चार महिने से बैठी थी वो, आज पहली बार उसकी माय ने देखा, मालूम है का तेरे को?"

तो माणूस पार गोंधळला. त्यानं चक्क हात जोडले. "सॉरी, माताजी. आपकी बेटी है?" आणि मग काय झालं कुणास ठाऊक, पुढचा सगळा वेळ तो आमच्या बाजूनं ओरडत राहिला. त्याचे मित्रही.

मध्यांतरानंतर आमच्या क्लबनं बरोबरी केली. मग समोरच्या संघाची एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन आमच्या गोलाकडं सुटली. लहानी पुढं धावली, आडवी पडली, आणि दोघींची धडक झाली. धूळ खाली बसली तेव्हा चेंडू लहानीच्या पोटाशी होता. ती उठली आणि आपल्याच संघातल्या मुलींवर जोरात खेकसली, जागेवर का नव्हत्या म्हणून. आई खूश झाली. "पाहा, कशी बोलून राहिली सगळ्यांले!" शेवटच्या पाच मिनिटांत आमचा दुसरा गोल झाला. गार्डकाकांनी टोपी काढून हवेत फेकली, ती खालच्या पायऱ्यांवर कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन पडली.

सामना संपल्यावर संघाच्या बसपाशी आम्हाला दहा मिनिटं मिळाली. लहानीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "मी तुले हाक मारली होती."

"ऐकली ना, माय. त्या मानसाले झापलं ते पन ऐकलं. पूर्ण टीमनं ऐकलं."

तिच्या मागं मणिपूरची मुलगी उभी होती. ती पुढं येऊन आईच्या पाया पडली. आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि बोटं उलटसुलट करून पाहिली. दोन बोटांना पट्ट्या होत्या. "विचार व तिले," आई लहानीला म्हणाली, "तिची माय पाहते का टीव्हीवर?"

लहानीनं विचारलं. ती मुलगी हसायला लागली. तिची आई सामना कधीच बघत नाही म्हणे. सुरू झाला की भाजीच्या वाफ्यात जाऊन बसते, आणि संपल्यावरच घरात येऊन विचारते, काय झालं.

"शहानी आहे," आई म्हणाली.

उपांत्य फेरी आम्हाला जाता येणार नाही इतक्या लांब होती. ती गार्डकाकांच्या टीव्हीवर पाहिली. लहानी सुंदर खेळली; काका म्हणाले, कलकत्त्यात असा खेळ पाहायला लोक झाडावर चढायचे. तरी संघ एका गोलानं हरला, अगदी शेवटी, तिच्या हाताला लागून गेलेल्या चेंडूवर. म्हणजे लीगही नाही, कपही नाही. मला वाटलं बायका हिरमुसतील. त्यांच्यात मात्र तो चेंडू थांबवता आला असता की नाही यावरून वाद जुंपला, आणि चहा दोनदा झाला तरी मिटला नाही.

जूनमध्ये लहानी पंधरा दिवस घरी आली. पहिले तीन दिवस ती नुसती झोपली. मग शेजारच्या काकूंनी तिला अंगणात उभं करून ऑफसाइड समजावून सांगितला, आणि तिनं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तो ऐकून घेतला. क्लबनं तिचा करार पुढं वाढवला होता. मणिपूरच्या मुलीला दुसऱ्या क्लबनं नेलं, त्यामुळं नव्या हंगामात पहिल्या नंबरची गोलकीपर लहानीच होती. ही बातमी तिनं जेवताना सांगितली. आईला आनंद झाला, पण जेवण होईपर्यंत ती त्या दुसऱ्या मुलीबद्दलच विचारत राहिली. कोणतं गाव, तिथं थंडी असते का, ओळखीचं कुणी आहे का.

यंदाच्या लीगचा पहिला सामना मागच्या रविवारी झाला. लहानी पूर्ण नव्वद मिनिटं गोलात होती आणि आम्ही पूर्ण नव्वद मिनिटं तिला पाहिलं. संघ तीन गोलांनी हरला. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा आवाज थोडा बसलेला होता, पण खूप ओरडल्यामुळं, रडल्यामुळं नव्हे. दुसरा गोल तिची चूक होती असं तिनं स्वतःच सांगितलं. गार्डकाकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, दुसरा नाही, तिसरा. दोघांचं त्यावर बराच वेळ चाललं होतं. आई शेजारी बसून आपली पाळी यायची वाट पाहत होती.