लुईझियानातली एक हाक

मिनियापोलिसहून विमान सुटलं तेव्हा धावपट्टीच्या कडेला बर्फ साचला होता. न्यू ऑर्लीन्सला उतरले तर स्वेटर काढून हातात घ्यावा लागला. ॲन आर्बरहून आधीच आलेली माझी लेक सई भाड्याची गाडी घेऊन उभी होती. फ्रेंच भाषा कसकशी बदलत गेली, यावर तिचं संशोधन चाललंय. त्यासाठी लुईझियानातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ती रेकॉर्ड करते. या खेपेला मीच हटून बसले, मला पण ने म्हणून.

तीन तास पश्चिमेला गेलो. दोन्ही बाजूंना पाणी भरलेली भातखाचरं, मधूनच बायू (संथ वाहणारा ओढा). गाडी चालवता चालवता सई सांगत होती, अर्थातच इंग्लिशमध्ये. पश्चिम फ्रान्समधून निघालेले शेतकरी आधी कॅनडात वसले. इंग्रजांनी तिथून हाकललं, तेव्हा त्यातले बरेच इकडे आले. तिकडे पॅरिसची भाषा साऱ्या फ्रान्सची झाली, इकडे यांच्या तोंडी जुने शब्द टिकून राहिले. कोळंबीला पॅरिसमध्ये 'क्रव्हेट' म्हणतात, हे अजून जुनं 'शेव्रेट'च म्हणतात. मग शाळेत फ्रेंच बोललं की शिक्षा व्हायला लागली. त्या पोरांनी मोठेपणी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडून दिलं.

ओदीलबाई त्यांतल्याच एक, नव्वदीच्या घरातल्या. त्यांचा साठीतला मुलगा रेमंड भातशेती करतो. त्याने आधी आम्हाला गंबो (भेंडी आणि कोळंबी घातलेलं दाट कालवण) आणि भात वाढला. मी आमटीभातासारखा कालवून हाताने खाल्ला, तर बिचारा चमचा शोधायला धावला. पण त्याचं लक्ष जेवणात नव्हतंच.

"पक्षाघाताचा झटका आला आणि आईचं इंग्लिश पार गेलं," तो म्हणाला. "तीन आठवडे एकच वाक्य म्हणतेय आणि रडतेय. पाणी देऊन बघितलं, पांघरूण घातलं, पाद्र्यांनाही बोलावलं. फ्रेंच बोलणारे शेजारी सगळे गेले हो. तिची जुनी भाषा माझ्या फोनलाही कळत नाही. तिला काय हवंय, तेवढं सांगा."

सई खाटेपाशी बसली. म्हातारीने रेमंडकडे बघून तेच वाक्य म्हटलं. सईने ते दोनदा ऐकलं. मग ती रेमंडकडे वळली.

"त्या विचारतायत, तू मला उत्तर का देत नाहीस?"

अहो, तो दिवसभर तिच्याशी बोलतच होता! पण इंग्लिशमध्ये. रेमंड खाली मान घालून बसला. सईने त्याला 'मी इथंच आहे' एवढं फ्रेंचमध्ये शिकवलं. अडखळत, घाम पुसत त्याने ते म्हटलं. म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

मला तिथे बसवेना. अंगणात येऊन हमसून हमसून रडले.

कारण सई चार वर्षांची असताना मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या तिच्या शाळेत बाईंनी सांगितलं होतं, घरी इंग्लिश बोला. आम्ही नागपूरची शहाणी माणसं! त्याच संध्याकाळपासून मराठी बंद. ती मराठीत काही मागायला आली, की मी ऐकूच न आल्यासारखी भांडी घासत राहायचे. तिने इंग्लिशमध्ये मागितल्यावरच वळून बघायचे.

परतीच्या वाटेवर मी हे सगळं तिला मराठीत सांगितलं.

"आय नो, आई," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मला वाटायचं, यू वर मॅड ॲट मी."

केवढा प्रवास करून आले, आणि चार वर्षांच्या माझ्याच पोरीपाशी जाऊन पोचले. त्या म्हातारीला निदान तिच्या शाळेने शिक्षा केली होती. माझ्या लेकीला मी केली.

घरी पोचल्यावर तिला फोन लावला. "पोचले गं. तू जेवलीस का?"

"येस, आई."

इंग्लिशमध्ये उत्तर दिलं म्हणून रागवायला मला तोंडच नाही. "काय जेवलीस?" मी पुन्हा मराठीतच विचारलं, आणि ती बोलेपर्यंत फोन कानाला धरून थांबले.