आईच्या मानेतली शीर

त्या दिवशी आजारी मी होते. खोकला आणि कणकण जात नव्हती म्हणून रत्नागिरीतल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात निघाले, तर आईही बरोबर आली. आई मिरकरवाड्याला मासे विकायची. साठी ओलांडली तरी पहाटे जेटीवर लिलावाला तीच उभी राहायची आणि टोपली उचलायला कुणी पुढे झालं की तिला राग यायचा.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. उठताना माझी पिशवी खाली पडली. ती घ्यायला आई वाकली आणि अर्ध्यातूनच टेबल धरून सरळ झाली. तोंडाने श्वास घेत होती. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. वाकलं की तिला असंच व्हायचं. वजन वाढलंय, असं ती म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं.

डॉक्टरीणबाईंनी तिला बसवलं आणि झोप कशी लागते ते विचारलं. आई म्हणाली, ओटीवर भिंतीला टेकून छान लागते, आडवं पडलं की घुसमटायला होतं. मग त्या तिला तपासायला उठल्या, तशी आई म्हणाली, "माझा काय बघतेस बाय? आजारी ही हाय."

त्या हसल्या नाहीत. आईला पाठीकडून उंच केलेल्या खाटेवर टेकवून त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खळगा पडला होता आणि तो भरून येईना. मग आईची मान डावीकडे वळवून त्यांनी मला जवळ बोलावलं. जबड्याखाली एक शीर फुगून थरथरत होती. त्यांनी उजव्या बरगडीखाली पोटावर तळहात ठेवून हळूहळू दाबलं. शीर आणखी फुगली आणि हात काढेपर्यंत ओसरलीच नाही.

"हृदयाला रक्त पुढे ढकलणं जमत नाहीये, ते मागे तुंबतंय," त्या मला म्हणाल्या. "आजच ॲडमिट करा."

आईच्या छातीत कधी दुखलं नव्हतं, बीपीही ठीक होतं. जी शीर मी रोज जेवताना समोर बघत होते, ती मला दिसलीच नव्हती.

इस्पितळात सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय पाहिलं, तेव्हा बाईंचं म्हणणं खरं ठरलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मागे कधीतरी झटका येऊन गेला असावा. त्यावर आईने अगदी सहज सांगितलं, की पावसाआधी जेटीवर एकदा पोटात वरच्या बाजूला खूप कळ आली होती, घाम सुटला होता. पित्त समजून ती सोडा प्यायली आणि उरलेली सुरमई विकूनच घरी आली. मी खाटेचा दांडा धरून उभी राहिले.

लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी पायांची सूज उतरली. एका सकाळी वॉर्डात गेले तर आई उताणी, सपाट पडलेली. मी ओरडले. नर्स धावत आली आणि आई डोळे चोळत उठून बसली. ती नुसती झोपली होती.

आता ती बाजारात जाते, टोपल्या मात्र भाऊ उचलतो. मीठ कमी झालं, खारवलेली सुकट बंद झाली. सुका जवळा विकते, पण घरी आणत नाही, आणि त्यावरून रोज आमच्याशी भांडते.