झिजलेली बाजू

साखरपुड्यासाठी मला जुनी, हिऱ्याची अंगठीच हवी होती. म्हणून आम्ही दोघं मालवणच्या बाजारात एका वयस्कर सोनारांकडे गेलो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी दोन जुन्या अंगठ्या पुढे ठेवल्या. मी उजेडात धरून हिरे बघायला लागले, तर त्यांनी दोन्ही माझ्या हातातून काढून घेतल्या, उलट्या केल्या आणि खालच्या बाजूवरून सावकाश अंगठा फिरवला. हिऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

एकीचं वळं नव्यासारखं होतं. दुसरीचं तळव्याकडे झिजून तारेएवढं झालं होतं. मी अर्थातच पहिली उचलली.

"ती पेटयेत रवली, बाय," ते शांतपणे म्हणाले. "ही हातात रवली."

"पण तुटली तर?"

"थंय मी सोना भरून दितंय."

होणारा नवरा तोंड उघडायच्या आत मी झिजलेली बोटात घातली होती.

आता कुणी हिरा बघायला मागितला, की मी आधी तळहात वर करते. तिथे नव्या सोन्याचा पिवळाजर्द जोड आहे. तो झिजवायचं काम माझं.