बाबांच्या जड फेस शील्ड

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली आता पुन्हा बैठकीची झाली आहे. फरशीवर वितळलेल्या प्लास्टिकचे ठिपके मात्र तसेच आहेत. ते खरवडायला कोणी पुढे होत नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीत तिथे फेस शील्ड बनत. वडील संरक्षण कारखान्यातले निवृत्त फिटर. जुन्या इस्त्रीच्या कॉइलवर कपाळावरची प्लास्टिकची पट्टी तापवून वाकवायचं यंत्र त्यांनी घरीच जुळवलं होतं. शेजारच्या दीदी इलॅस्टिक कापायच्या, मी भोकं पाडायचो. तयार झालेली प्रत्येक शील्ड वडील गच्चीवरून अंगणात टाकून बघत. तडा गेला की बाद. त्यामुळे पट्टीही जाड आणि पुढचं प्लास्टिकही जाड.

बहीण सरकारी इस्पितळात नर्स. तेव्हा ती तिथेच राहायची. आम्ही फाटकाशी खोकं ठेवायचो आणि ती दहा पावलांवरून बोलायची. तिसऱ्या खेपेला वडिलांना तिच्या कपाळावर आडवा लाल वळ दिसला.

"हे काय झालं?"

"काही नाही बाबा. शील्ड जड होते. तासाभरात मान भरून येते, मग आम्ही काढून ठेवतो."

"काढून? अन् पेशंटजवळ?"

"तसेच जातो."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही एवढं करून राहिले, कसं सांगू? पण बाबा, आम्ही वॉर्डात आहो, रणगाड्यात नाही."

वडील हसले नाहीत. परतताना स्कूटरवरच त्यांनी मला पातळ प्लास्टिक शोधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्याच नेपियर टाउन भागातल्या एका ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडून मी बाइंडिंगचे पारदर्शक प्लास्टिकचे कागद आणले. वडिलांनी पातळ पट्टी वाकवली, शील्ड जोडली आणि स्वतः घालून बराच वेळ बसले.

"डोक्यावर आहे हेच कळत नाही. हे टिकणार नाही."

"अंकलजी, एक दिन चल जाए तो बहुत है," दीदी म्हणाल्या. "कल दूसरा बना लेंगे."

वडील गच्चीवर गेले नाहीत. शील्ड त्यांनी खोक्यात ठेवली.

ती शील्ड इस्पितळात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पूर्ण ड्यूटीत तिने शील्ड एकदाही काढली नव्हती. बाहेर आल्यावर उतरवताना पट्टी मोडली.

तुटलेल्या मालाची बातमी वडिलांनी इतक्या शांतपणे ऐकलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"वॉर्डात तुम्ही किती जणी आहा?" त्यांनी विचारलं, आणि यंत्राचं बटण दाबलं.