सिन गाम-शुई आणि तरंगता दाणा

सिन गाम-शुई (१९४९–२०२१) हे शुन्दे परगण्यातील आमच्या गावचे मत्स्यपालक. त्यांचे वडील व आजोबा तळ्याच्या बांधावर तुती लावून पाण्यात गवत्या मासा पाळीत. गवत्या हा सोशिक प्राणी. गवत, कोंडा, शिळा भात, जे पडेल ते खाऊन तो वाढतो. या घरगुती अनुभवावरून गाम-शुई यांनी असे अनुमान काढले होते की, पोट भरले म्हणजे मासा वाढतो. अनुमान सुबक होते. अडचण एवढीच की उतारवयात त्यांनी तळ्यात बास सोडला, आणि हे अनुमान बासला कोणी कळवलेले नव्हते.

बास हा शिकारी मासा. त्याच्यासाठी कारखान्यात मासळीच्या भुकटीचे दाणे करतात. दाणा फुगावा, पाण्यावर तरंगावा, म्हणून त्यात थोडे पिष्ट, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे पीठ, घालावेच लागते. ‘थोडे’ या शब्दाशी गाम-शुई यांचे कधी जुळले नाही. दुपारी वेताच्या खुर्चीत बसून चहा घेत, दाण्यावर झेपावणारे मासे पाहणे हे त्यांचे एकमेव व्यसन होते. दाणा बुडाला की त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटे. दाणेवाला लो बिंग आला की ते चार दाणे चहाच्या पेल्यात टाकून परीक्षा घेत.

“बिंग, हा बघ, गेला तळाला. खडी विकतोस का रे?”

“काका, तळाला जायच्या आत मासा उचलतो की!”

“मला दिसायला नको?”

“मग जास्त पिठाचा आणतो. कापसासारखा तरंगेल. स्वस्तही पडेल.”

“मग इतके दिवस काय तोंड शिवलं होतं, मेल्या?”

त्यांची सून वाई-सान मत्स्यविद्येची पदवीधर होती. घरात तिच्या पदवीचा सर्वांना अभिमान होता. सल्ला मात्र कोणी घेत नसे.

“बाबा, याला पीठ पचत नाही. ते जिरवणारा रसच याच्या पोटात कमी. जास्तीची साखर यकृतात साठते, यकृत सुजतं.”

“पोट बघ कसं गोल गरगरीत आहे!”

“पोटच वाढतंय. लांबी गेल्या महिन्याइतकीच आहे.”

“एवढं अंग धरल्यावर लांबी काय करायचीय? त्याला काय शर्ट शिवायचाय?”

याच सुमारास आमच्या कुळाच्या पूर्वजगृहात मोठे जेवण ठरले. गावची चाल अशी की, ज्याच्या तळ्यातला मासा या जेवणासाठी निवडला जाईल, त्याच्या वडिलांची नामपट्टी पूजेत पुढच्या रांगेत बसवायची. गाम-शुई यांच्या वडिलांची पट्टी दुसऱ्या रांगेत, एका खांबाच्या आड होती. ती पुढे यावी, याखेरीज त्यांनी आयुष्यात फारसे काही मागितले नाही.

निवडीच्या दिवशी आम्ही पंच बांधावर जमलो. परीक्षा एकच: मासा तिथेच चिरून यकृत पाहणे. सुरी आमच्यातील ज्येष्ठ, सातवे काका, यांच्या हाती. निरोगी यकृत तांबूस असते. हे पांढुरके निघाले आणि बोट लावताच भुसभुशीत झाले.

“आ-शुई, हे यकृत आहे की टोफू?”

“एखादा आजारी निघतो, सातवे काका. दुसरा काढतो.”

दुसरा तसाच. तिसरा वाई-साननेच जाळ्यातून काढून दिला, तोही तसाच.

“तळं आहे की पावभट्टी?” सातव्या काकांनी सुरी पुसली. “फुगवलेत चांगले, पण पूर्वजगृहात आणू नका म्हणजे झालं.”

“त्या लो बिंगने गळा कापला माझा!” गाम-शुई ओरडले.

सर्वांनी सुनेकडे पाहिले. बोलायला तिच्याजवळ पुष्कळ होते.

“दाणा आम्हीच मागून घेतला होता, सातवे आजोबा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे म्हणाले, “आम्ही कसं? तू कधी मागितलास?”

“एकट्या तुमचं नाव कसं घेऊ, तेही सातव्या आजोबांसमोर?”

“हं. मग तुझा तो बुडणारा दाणा मागव.”

प्रथम मासे काही दिवस उपाशी ठेवले गेले. मग कमी पिठाचा दाणा, तोही बेताने. गाम-शुई चहा घेऊन बांधावर बसतच राहिले, आणि जिथे आता काहीच दिसत नव्हते त्या पाण्याकडे पूर्वीच्याच गांभीर्याने पाहत. वसंतात चिरलेल्या माशाचे यकृत तांबूस निघाले, मासे लांबीतही वाढले होते. जेवण तेव्हा कधीच आटोपले होते. त्यात त्यांच्या चुलतभावाचा गवत्या वाढला गेला आणि त्या भावाच्या वडिलांची पट्टी पुढे बसली.

गाम-शुई यांच्या निधनानंतर त्यांची पट्टी वडिलांशेजारी, त्याच दुसऱ्या रांगेत लागली. पुढच्या वेळी पहिला मासा वाई-सानच्या तळ्यातला चिरायचा, असे पंचांनी एकमताने ठरवले आहे, आणि त्या ठरावास मी बांधील आहे. परंतु मोठे जेवण केवळ पूर्वजगृहाचे छप्पर बदलल्यावरच होते, आणि मागच्या सुताराने, दुर्दैवाने, काम फार चोख केले आहे.