तळ्यावरच्या कौसामावशी

कौसामावशी कुणाच्याही घरी गेल्या की दारातच भिंतीला टेकून बसायच्या. "थांबा माय, आधी दम घेऊ द्या," म्हणायच्या. मी नर्स म्हणून त्यांच्या वस्तीवर जाऊ लागले तेव्हा मला वाटलं, बाईंना दमा आहे. तसं काही नव्हतं. "नुस्तं थकून राहिले मी, सिस्टर," त्या म्हणाल्या.

वारंगा फाट्यापासून आत, तलावाच्या काठाने थोडीशी घरं. तलाव झाला तेव्हा मूळ गाव पाण्याखाली गेलं. बाकीचे लांब राहायला गेले. ज्यांची रानं उंचावर होती ते काठावरच राहिले. ही वस्ती मग कुठल्याच गावाची उरली नाही. मतदान एका गावात, रेशन दुसऱ्यात. नळ मागायला मावशी दोन्हीकडे खेटे घालायच्या. "हे म्हणतात तिकडं जा, ते म्हणतात हिकडं जा. आमी काय मासोळ्या हाव का, पाण्यात राहायला?"

त्यांचे यजमान वारले तेव्हा मी तिथेच होते. जुनं स्मशान केव्हाच बुडालेलं. दोन्ही गावांनी फोनवर सांगितलं, आमच्याकडे आणू नका. ऊन चढत गेलं. मावशी प्रेताशेजारी बसून होत्या. शेवटी उठल्या आणि आपल्या रानाच्या कोपऱ्याकडे हात केला. "तेवढी तूर उपटा."

उभी तूर उपटली, बुद्धवंदना झाली, तिथेच अग्नी दिला. त्या कोपऱ्यात मावशींनी पुन्हा काही पेरलं नाही. वस्तीत कुणी गेलं की तिथेच आणत. पुण्याला कामाला असलेला मुलगा चिडला, "रानाची मसणवट केली तू." त्या एवढंच म्हणाल्या, "मंग बापाला कुठं ठेवलं असतं?"

मागच्या पावसाळ्यात त्या दोन गावांपैकी एकाच्या स्मशानाची वाट ओढ्याच्या पुराने बंद पडली. ते लोक ट्रॅक्टरवर प्रेत घेऊन वस्तीत आले. वस्तीतल्या पोरांनी ट्रॅक्टर अडवला.

"मावशीच्या मालकाच्या वक्ताला जागा दिली होती का?"

ट्रॉलीत एक म्हातारा प्रेतावर छत्री धरून बसला होता. मावशी हळूहळू आल्या.

"कोण हाय?"

"सून हाय माझी," म्हातारा म्हणाला.

"लेकरू?"

"एक हाय. अंगावर पितं."

मावशींनी ट्रॉलीत वाकून पाहिलं. मग पोरांना म्हणाल्या, "उतरवा तिला. भिजून राहिली." पोरं हलेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच ट्रॉलीच्या फाळक्याला हात घातला. मग पोरं सरकली. त्याच कोपऱ्यात चिता रचली, आणि पावसाला आडोसा म्हणून तिच्यावर पत्रेही पोरांनीच धरले.

नंतर माझी बदली झाली. निघताना मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. लई आला. अजून हाय," त्या म्हणाल्या. "पर मी राग काढत बसले असते तर तेवढा वेळ ती पोरगी पावसातच राहिली असती."