मासाले मुदत लागस

ज्या जगन्नियंत्याने प्रलयकाळी मत्स्यरूप घेतले, जो प्रथम एका राजर्षीच्या ओंजळीत, मग घटात, मग सरोवरात राहिला आणि अखेर सागरात शिरला, त्याला वंदन करून हे लिहितो. प्रसंग असा की, आमच्या जळगावातील न्यासाने बांधलेल्या सभागृहाला आता दोन वर्षे होतील आणि त्याच्या स्मरणिकेसाठी ‘प्रवेशद्वारातील मत्स्यालयाविषयी चार मंगल शब्द’ न्यासाचे मुहूर्त काढणारा म्हणून माझ्याकडे मागितले आहेत. गेल्याच आठवड्यात सुपडू नानांचे वर्षश्राद्ध झाले. ज्या मत्स्यालयापायी त्या माणसाच्या माथी खोटा ठपका बसला आणि तो पुसला न जाताच नाना गेले, त्याविषयी मंगल शब्द कोठून आणू? जे घडले ते लिहितो. छापायचे की नाही, ते न्यासाने ठरवावे.

नानांना कोणी ‘‘मासा कसा आहे हो?’’ असे विचारले, तर ते उत्तर देत नसत. मनगटावरचे घड्याळ काढून टाकीच्या काचेला टेकवीत आणि पूर्ण एक मिनिट माशाच्या कल्ल्यांची उघडझाप मोजीत. तेवढा वेळ समोर कलेक्टर असला तरी त्याने गप्प राहायचे. ते मूळचे धरणगावचे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याचे मासे पाळण्याचा छंद लागला. बोली अखेरपर्यंत गावाकडची. पाचोऱ्यापासून लोक पिशवीत आजारी मासे घेऊन येत आणि दारातूनच म्हणत, ‘‘नाना, काहीतरी दवा टाका.’’

‘‘मीठ शे का हयद, आधी ते सांग,’’ नाना म्हणत.

अंगावर मिठाच्या खड्यासारखे सुटे पांढरे दाणे असले तर रोग एक. हळदीच्या भुकटीसारखी बारीक धूळ असली तर रोग दुसरा, आणि तो दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करणारा. न पाहता औषध ओतणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग येई. ‘‘आधी वळख, मंग दवाई,’’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकले असेल.

सभागृहाच्या दाराशी मत्स्यावताराचे शिल्प आणि त्याखाली समुद्री माशांची मोठी टाकी असावी, ही न्यासाच्या अध्यक्षांची कल्पना. आठ मासे तेथे आधीच सुखाने राहत होते. उद्घाटनासाठी मुंबईहून आणखी तीन निळे, पिवळ्या शेपटीचे मासे मागवले गेले आणि नानांनी ते परस्पर आपल्या घरी नेले. मागच्या खोलीत एक उघडीबोडकी काचेची टाकी होती; वाळू नाही, दगड नाही, लपायला फक्त प्लास्टिकच्या नळीचे तुकडे. तिची जाळी वेगळी, बादली वेगळी, हात पुसायचे फडकेसुद्धा वेगळे. नाना तिला ‘कोरंटीन’ म्हणत. मी म्हणालो, ‘‘नाना, हे तर आमचे सोवळे!’’ ते हसले. ‘‘तुमनं सोवयं देवले, मन्हं मासाले.’’

तिसऱ्या दिवशी तिघांच्याही अंगावर पांढरे दाणे उठले. कल्ल्यांची गती दीडपट झाली. एकाने खाणे सोडले. दाणे उघड मिठाचे होते, तरी नानांचे समाधान होईना. त्यांनी एका माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीवर अलगद घेतला आणि जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला. एक गोल, केसाळ जीव संथपणे स्वतःभोवती फिरत होता. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी आकृती. ‘‘पटनी वळख?’’ नानांनी विचारले. त्यावर औषध तांब्याचे. मी भाबडेपणाने म्हणालो, ‘‘मग पूजेतली पळी देऊ का आणून?’’ नाना म्हणाले, ‘‘गुरुजी, तीर्थ नही दी ऱ्हायनूत आपन! थेंब जास्त पडना तं मासा मरी, कमी पडना तं रोग जगी.’’ अशुद्ध ताम्र हे विष असते, हे मी आयुष्यभर पाठशाळेत विद्यार्थ्यांना जुन्या ग्रंथांतून शिकवले होते. ते मापून देताना प्रथमच पाहिले. रोज सकाळी पाण्यातले तांबे तपासायचे आणि पूर्ण तीस दिवस ते उतरू द्यायचे नाही, असा नानांचा नेम.

औषधाच्या नवव्या दिवशी मासे लखलखीत झाले. अकराव्या दिवशी अध्यक्ष मला सोबत घेऊन नानांच्या घरी आले. उद्घाटनाचा मुहूर्त दोन दिवसांवर होता, आणि तो मीच काढून दिलेला होता.

‘‘नाना, एक तरी डाग दाखवा,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘बरे झालेले मासे कशाला अडवता?’’

‘‘दाना पडी गयात, भाऊसाहेब. रोग नही गया. तो जोपर्यंत अंगमा, कल्लामा दडेल शे, तोपर्यंत त्याले दवाई लागत नही. खाले पडस, फुटस, तव्हय मरस. अजून एकोनीस दिन द्या.’’

‘‘मग उरलेले औषध आमच्या टाकीत टाका की!’’

‘‘तठे झिंगा शेत, गोगलगाई शेत. तांबामा त्या बठ्ठ्या मरतीन.’’

‘‘पत्रिका वाटून झाल्या. पाहुण्यांना काय गोगलगायी दाखवू?’’

चहा घेऊन आलेल्या मैनाअक्का, नानांच्या पत्नी, म्हणाल्या, ‘‘यास्ना नाद सोडा, भाऊसाहेब. लगीन करीसन उनू तव्हय माले बी यास्नी महिनाभर कोरंटीनमा ठेवेल व्हतं!’’ सगळे हसले. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. ‘‘गुरुजी, मुहूर्त मानसेसले. मासाले मुदत लागस. तुम्हीच सांगा यास्ले.’’

मी टाकीकडे पाहिले. एकही दाणा दिसला नाही. आणि मी, ज्याला त्या रोगातले अक्षर कळत नव्हते, म्हणालो, ‘‘डाग तर गेले, नाना. भगवंताची कृपा आहे. न्यावेत.’’

उद्घाटन थाटात झाले. आठव्या दिवशी मोठ्या टाकीतल्या अकराही माशांवर मीठ पसरले, आणि पंधरवड्यात एकही उरला नाही. जे आठ जीव निरोगी होते, तेही गेले. नाना सूक्ष्मदर्शक काखेत घेऊन धावत आले. रोग कोणता आणि तो कोठून आला, हे विश्वस्तांनी डोळ्यांनी पाहावे एवढेच त्यांचे मागणे होते. अध्यक्षांनी त्यांना दारातच थांबवले. ‘‘ते यंत्र बाहेर ठेवा. सोवळ्याची जागा आहे.’’

‘‘सोवयं?’’ नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. ‘‘भाऊसाहेब, सोवयं तं तुम्ही मासा उचलात त्याच दिनले मोडं!’’

एकानेही त्या भिंगाला डोळा लावला नाही. महिन्याच्या सभेत इतिवृत्तात नोंद झाली : ‘श्री. सुपडू यांनी रोगी मासे निष्काळजीपणे सुपूर्द केल्यामुळे हानी झाली.’ ज्याने देऊ नका म्हणून विनवले, त्याने दिले, असे लिहिले गेले! सभा माझ्या शांतिपाठाने सुरू झाली होती आणि मी पहिल्या रांगेत बसलो होतो. अध्यक्षांचा मला आजही संताप येतो. परंतु त्यांना निदान आपली पत राखायची होती. माझ्या जिभेला कोणी कुलूप घातले होते? मी उपरणे सावरले आणि प्रसाद घेऊन घरी आलो.

त्यानंतर पाचोऱ्याचे लोक येईनासे झाले. ‘‘त्याच्या हातचे मासे मरतात,’’ एवढेच गावाला कळले होते. नानांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी गेलो की घड्याळ काढून माझ्याकडे मिनिटभर पाहत आणि म्हणत, ‘‘गुरुजी, दम लागस तुमले. डाक्टरले दखाडा.’’ मी दाखवले. वेळेत गेलो म्हणून वाचलो. ते स्वतः मार्गशीर्षात हृदयविकाराने गेले.

यंदाच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. म्हणालो, ‘‘ती नोंद असत्य आहे. मासे मुदतीआधी नेले आणि त्यास संमती माझी होती. असे लिहा.’’ अध्यक्ष हसून म्हणाले, ‘‘गुरुजी, माणूस गेला, मासे गेले. आता कशाला उकरता?’’ विषय पुढे ढकलला गेला. नोंद तशीच आहे. ती पुसली जाईपर्यंत त्या न्यासाला माझ्या हातून मुहूर्त मिळणार नाही.

सभेतून मी थेट अक्कांकडे गेलो आणि काय बोललो ते सांगितले. त्या निवडायला घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘तव्हय बोलतात, गुरुजी, तं त्यासना कानवर पडतं.’’

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो. दुखणे आलेच, तर औषधाआधी ते ओळखणारा माणूस आपल्याला लाभो. आणि त्याच्या बाजूने एक शब्द बोलण्याची वेळ आली, तर तो शब्द त्याच्या देखत आपल्या मुखातून निघो. आपल्या मुलाबाळांचे आणि आपल्या आश्रयाला असलेल्या मुक्या जीवांचे कल्याण असो.